राजकीय संस्कृती आणि चिकित्सक विचार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजकीय संस्कृती राज्यशास्त्राच्या प्रकरणात शिकवली जाते आणि चिकित्सक विचार तर्कशास्त्राच्या किंवा शिक्षणशास्त्राच्या. या पानावर दोन्ही विषय एकत्र घेतले आहेत, कारण एकाशिवाय दुसरा लंगडा पडतो. राजकीय संस्कृतीच्या संकल्पना ज्याला स्वतःच्या मतांना लावून पाहता येत नाहीत, त्याच्या हाती त्या केवळ इतरांना नावे ठेवण्याचे साधन बनतात. उलट, आपली मते कोणत्या संस्कारांतून आली याची जाणीव नसेल, तर कितीही तर्कशुद्ध विचार केला तरी तो आधीच ठरलेल्या निष्कर्षाची वकिली करण्यात खर्ची पडतो.

राजकीय संस्कृती म्हणजे नेमके काय?

सत्ता, शासनसंस्था, कायदा, नेते, विरोधक आणि नागरिक म्हणून आपले स्वतःचे स्थान यांविषयी एखाद्या समाजातील लोकांच्या मनात जी माहिती, ज्या भावना आणि जे निवाडे दीर्घकाळ मुरलेले असतात, त्यांच्या एकंदर घडणीला राजकीय संस्कृती म्हणतात. हा विचार जुना आहे. लोकांच्या रीतिभाती आणि त्यांची शासनपद्धती यांचा संबंध माँतेस्क्यूने १७४८ मध्येच मांडला होता. अमेरिकेतील लोकशाही केवळ कायद्यांवर उभी नसून लोकांच्या मनाच्या सवयींवरही उभी आहे, हे तोकव्हिलने १८३५ आणि १८४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या दोन भागांत विस्ताराने दाखवले. विसाव्या शतकात गेब्रिएल अल्मंड यांनी १९५६ च्या एका लेखात ही संज्ञा राज्यशास्त्राच्या परिभाषेत रुजवली. प्रत्येक राजकीय व्यवस्था राजकीय कृतीविषयीच्या विशिष्ट अभिमुखतांच्या, म्हणजे लोकांच्या मनातील कलांच्या, घडणीत रुतलेली असते, असे त्यांचे म्हणणे होते.

या अभिमुखतांचे तीन घटक कोणते आणि ते वेगळे का करायचे?

बोधात्मक, भावात्मक आणि मूल्यमापनात्मक असे तीन घटक मानले जातात. बोधात्मक म्हणजे आपल्याला काय माहीत आहे किंवा माहीत आहे असे वाटते. भावात्मक म्हणजे त्याविषयी ओढ, अभिमान, भीती, चीड यांपैकी काय वाटते. आणि मूल्यमापनात्मक म्हणजे कोणत्या तरी निकषावर आपण दिलेला निवाडा.

हे वर्गीकरण परीक्षेसाठी पाठ केले जाते, पण त्याचा खरा उपयोग रोजच्या बोलण्याची चिरफाड करताना होतो. ‘विधिमंडळात नुसता गोंधळ चालतो’ हे वाक्य घ्या. ऐकताना ते माहितीचे वाक्य वाटते. बोलणाऱ्याला विचारले की त्याने कामकाजाचे किती दिवस पाहिले, समित्यांमध्ये काय घडते हे त्याला ठाऊक आहे का, तर बहुधा असे दिसते की त्याच्या डोळ्यांसमोर बातम्यांतील काही मोजकी दृश्ये आहेत. म्हणजे बोधात्मक भाग तुटपुंजा आहे. वैताग मात्र भरपूर आहे, आणि तो अगदी खराही असू शकतो. शिवाय या वाक्यात एक निकष दडलेला आहे : चांगले विधिमंडळ शांत असते. हा निकष बरोबर आहे का? जेथे विरोध करण्याची सोयच नाही, अशा सभागृहातही शांतता असते. वाक्याचे हे तीन धागे सुटे केल्यावर बोलणारा कदाचित आपल्या मतावर ठाम राहील, कदाचित नाही. पण आपण नेमके कशाविषयी बोलत आहोत हे तरी त्याला कळते.

चिकित्सक विचार म्हणजे सतत टीका करणे का?

नाही. सतत टीका करणारा माणूस सतत स्तुती करणाऱ्याइतकाच यांत्रिक असू शकतो, कारण दोघांचाही निष्कर्ष पुरावा पाहण्यापूर्वीच तयार असतो. जॉन ड्यूई यांनी १९१० मध्ये विमर्शशील विचाराची जी व्याख्या केली, तिचा आशय असा की कोणतीही समजूत तिच्यामागच्या आधारांच्या आणि तिच्यातून निघणाऱ्या पुढच्या निष्कर्षांच्या प्रकाशात सक्रियपणे, चिकाटीने आणि काळजीपूर्वक तपासणे म्हणजे असा विचार. या व्याख्येत समजूत नाकारण्याची अट कोठेही नाही. तपासून स्वीकारलेली श्रद्धा, तपासून दिलेला पाठिंबा आणि तपासून ठेवलेला विश्वास हीसुद्धा चिकित्सक विचाराचीच फळे आहेत.

स्वतःचे मत तपासणे एवढे अवघड का जाते?

मानसशास्त्रज्ञ पीटर वासन यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. त्यांनी सहभागी व्यक्तींना २, ४, ६ ही त्रयी दिली आणि सांगितले की ती एका नियमानुसार आहे. तुम्ही स्वतः नव्या त्रयी सुचवा, त्या नियमात बसतात की नाही हे सांगितले जाईल, आणि खात्री पटली की नियम जाहीर करा. बहुतेकांच्या मनात लगेच आले की दोन-दोनने वाढणाऱ्या सम संख्या हाच नियम असणार. मग त्यांनी ८, १०, १२ किंवा २०, २२, २४ अशा त्रयी सुचवल्या, प्रत्येक वेळी ‘बसते’ असे उत्तर मिळाले आणि त्यांचा आत्मविश्वास वाढत गेला. प्रत्यक्षात नियम एवढाच होता की संख्या चढत्या क्रमाने असाव्यात. १, ७, ५० ही त्रयी सुचवून पाहिली असती, तर आपला अंदाज अकारण संकुचित आहे हे एका फटक्यात कळले असते. पण आपला अंदाज मोडू शकेल अशी त्रयी सुचवण्याचे फारच थोड्यांना सुचले.

या प्रयोगात कोणाची अस्मिता पणाला लागलेली नव्हती, नुसते आकडे होते. राजकीय मतांच्या बाबतीत त्यात आपला पक्ष, आपला समाज, आपली माणसे यांची भर पडते. म्हणूनच ‘माझे मत चूक असेल तर मला काय दिसायला हवे?’ हा प्रश्न राजकीय विचारात मी सर्वांत वरचा मानतो. ज्याला या प्रश्नाचे काहीही उत्तर सुचत नाही, त्याने आपले मत अद्याप तपासलेले नाही असे समजण्यास हरकत नाही.

संकुचित, प्रजाभावी आणि सहभागी संस्कृती हे प्रकार कोठून आले?

अल्मंड आणि सिडनी व्हर्बा यांनी अमेरिका, ब्रिटन, पश्चिम जर्मनी, इटली आणि मेक्सिको या पाच देशांत साधारणपणे प्रत्येकी हजार लोकांच्या मुलाखती घेऊन १९६३ मध्ये ‘नागरी संस्कृती’ या विषयावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्या समाजात लोकांना राज्यव्यवस्थेचे फारसे भानच नसते, तेथील संस्कृती त्यांनी संकुचित मानली. जेथे लोकांना शासनाचे निर्णय आणि त्यांचे परिणाम समजतात, पण त्या निर्णयांवर आपण प्रभाव टाकू शकतो असे वाटत नाही, ती प्रजाभावी; आणि जेथे लोक स्वतःला निर्णयप्रक्रियेचे भागीदार समजतात, ती सहभागी. कोणत्याही देशात हे तीनही प्रकार मिसळलेले असतात, एवढेच नव्हे तर एकाच माणसातही ते एकत्र नांदतात : स्थानिक पाणीपुरवठ्यासाठी निवेदन घेऊन जाणारी व्यक्ती परराष्ट्र धोरणाबाबत ‘ते वरचे लोक पाहतील’ असे म्हणू शकते.

लोकशाहीला संपूर्ण सहभागी संस्कृती नव्हे, तर सहभाग, आज्ञापालन आणि काहीशी अलिप्तता यांचे मिश्रण पोषक ठरते, असा त्यांचा निष्कर्ष होता, आणि या मिश्रणाला त्यांनी नागरी संस्कृती म्हटले.

हा अभ्यास आज जसाच्या तसा स्वीकारावा का?

त्याचे महत्त्व मान्य करूनच त्याची चिकित्सा करायला हवी. मेक्सिकोतील मुलाखती केवळ १०,००० पेक्षा अधिक वस्तीच्या शहरांत घेतल्या गेल्या होत्या. शितावरून भाताची परीक्षा करायला हरकत नाही, परंतु ग्रामीण समाज पूर्णपणे वगळलेल्या नमुन्यावरून साऱ्या देशाविषयी बोलणे म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणे होय. कॅरोल पेटमन यांचा आक्षेप अधिक मूलगामी होता. आपण राजकारणावर प्रभाव टाकू शकतो ही भावना वर्ग आणि लिंग यांनुसार बदलते हे आकडेवारीतच दिसत असताना, खालच्या थरांतील आणि स्त्रियांमधील निष्क्रियता ही लोकशाहीच्या स्थैर्याला उपकारक बाब म्हणून कशी मांडता येईल, असा त्यांच्या टीकेचा रोख होता. मला हा आक्षेप अतिशय रास्त वाटतो. काही लोकांना बोलण्याची संधीच मिळत नाही, या वस्तुस्थितीला ‘संतुलन’ असे नाव दिले की विषमता डोळ्यांआड होते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. संकल्पना मांडणारे अभ्यासकही कोणत्या ना कोणत्या राजकीय संस्कृतीत वाढलेले असतात, आणि आदर्श म्हणून त्यांनी काढलेले चित्र त्यांच्या स्वतःच्या अंगणासारखे दिसत असेल, तर वाचकाने तेथे थबकून विचार करावा.

राजकीय संस्कृती आपल्यात उतरते कशी?

या प्रक्रियेला राजकीय सामाजिकीकरण म्हणतात. कुटुंब, शाळा, सवंगडी, कामाचे ठिकाण, धार्मिक संस्था, माध्यमे आणि प्रत्यक्ष शासनाशी आलेले संबंध ही तिची माध्यमे होत. त्यांतील बराचसा भाग कोणी मुद्दाम शिकवत नाही. घरात मतभेद झाला की तो कसा मिटतो, शाळेत प्रश्न विचारणाऱ्या मुलाचे काय होते, सरकारी खिडकीपाशी रांगेतल्या माणसाला कशी वागणूक मिळते, यांतून सत्तेविषयीचे धडे मिळतात आणि ते नागरिकशास्त्राच्या पुस्तकातील धड्यांपेक्षा खोल जातात. तारुण्यात अनुभवलेली युद्धे, मंदी किंवा मोठी आंदोलने एका संपूर्ण पिढीच्या मनावर ठसा उमटवून जातात, हा कार्ल मानहाइम यांचा पिढ्यांविषयीचा विचारही याच संदर्भात महत्त्वाचा आहे.

आपले एखादे मत आपल्यापर्यंत कसे पोहोचले हे शोधून काढल्याने ते खोटे ठरत नाही. आईवडिलांकडून आलेले मत बरोबरही असू शकते. मात्र ते आपल्याला ‘उघडच’ का वाटते याचा उलगडा होतो.

संस्कृतीमुळे लोकशाही टिकते, की लोकशाहीमुळे तशी संस्कृती घडते?

हा या विषयातील सर्वांत जुना आणि अजूनही धगधगता वाद आहे. लोकांची वृत्ती आणि संस्थांचे स्थैर्य एकत्र आढळले म्हणजे पहिल्यामुळे दुसरे घडले असे सिद्ध होत नाही. चांगल्या संस्थांच्या दीर्घ अनुभवातूनही तशी वृत्ती निर्माण होऊ शकते, ही ब्रायन बॅरी यांनी १९७० मध्ये मांडलेली शंका आजही तितकीच लागू आहे.

पश्चिम जर्मनीचे उदाहरण यावर चांगला प्रकाश टाकते. अल्मंड आणि व्हर्बा यांच्या पाहणीत लोकांना विचारले होते की आपल्या देशातील कोणत्या गोष्टींचा तुम्हाला सर्वाधिक अभिमान वाटतो. अमेरिकेत ८५ टक्के लोकांनी राजकीय संस्थांचा उल्लेख केला, ब्रिटनमध्ये ४६ टक्क्यांनी, पश्चिम जर्मनीत अवघ्या ७ टक्क्यांनी आणि इटलीत ३ टक्क्यांनी. जर्मन लोक आपल्या स्वभावगुणांचा आणि अर्थव्यवस्थेचा अभिमान सांगत होते. ज्या राज्यघटनेखाली ते जगत होते ती केवळ दशकभराची होती आणि तिच्यापूर्वी नाझी राजवट होऊन गेली होती. संस्कृती अचल असती तर तेथील लोकशाहीचे भवितव्य अंधारात होते असेच म्हणावे लागले असते. पण पुढील दोन दशकांत समृद्धी आली, सत्तांतर शांततेने झाले, नवी पिढी मोठी झाली आणि राजकीय संस्थांविषयीचा अभिमान कितीतरी पटींनी वाढला. येथे संस्थांनी संस्कृती घडवली असे म्हणायला जागा आहे.

रॉबर्ट पटनम यांनी इटलीविषयी १९९३ मध्ये मांडलेला युक्तिवाद याच्या विरुद्ध दिशेचा आहे. १९७० मध्ये इटलीत प्रादेशिक शासने कार्यरत झाली. रचना सर्वत्र जवळपास सारखी, तरी उत्तरेकडील शासने दक्षिणेपेक्षा सरस चालली. पटनम यांनी याचे श्रेय गायनमंडळे, क्रीडामंडळे, सहकारी संस्था यांच्या जाळ्यातून निर्माण होणाऱ्या परस्परविश्वासाला, म्हणजे सामाजिक भांडवलाला दिले आणि त्याची मुळे मध्ययुगीन नगरराज्यांपर्यंत नेली. सिडनी टॅरो यांनी त्यावर असे विचारले की दक्षिणेत शतकानुशतके राज्यसत्तेने काय केले, याचा हिशेब या मांडणीत कोठे आहे? माझ्या मते दोन्ही बाजूंनी वाहणारा प्रभाव मान्य करावा, परंतु प्रत्येक उदाहरणात आधी काय घडले आणि नंतर काय, याची तारीखवार शहानिशा केल्याशिवाय कोणत्याही एका बाजूचा कौल देऊ नये.

‘अमुक देशातील लोकांच्या रक्तातच लोकशाही नाही’ या विधानात चूक काय?

जवळजवळ सर्वच. राजकीय संस्कृती शिकली जाते, ती रक्तातून येत नाही. देशाची म्हणून सांगितलेली वृत्ती ही सरासरी असते आणि तिच्याखाली प्रदेश, वर्ग, धर्म, वय यांनुसार अनेक उपसंस्कृती असतात. शिवाय असे विधान बहुधा सोयीच्या ठिकाणीच केले जाते : दुसऱ्यांच्या देशात दंगल झाली की ती त्यांची संस्कृती, आपल्याकडे झाली की मूठभर समाजकंटकांचे कृत्य. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हा न्याय राजकीय विश्लेषणात सर्वत्र आढळतो, आणि तो ओळखण्याची सोपी रीत म्हणजे वाक्यातील पक्षांची किंवा देशांची नावे आलटून पाहणे.

अधिमान्यता म्हणजे काय, आणि सरकारवर नाराज असणे म्हणजे ती नाकारणे का?

सत्ताधाऱ्यांना आज्ञा देण्याचा हक्क आहे, असे लोकांनी मानणे म्हणजे अधिमान्यता. मॅक्स वेबर यांनी तिचे परंपरागत, दिव्यवलयी (नेत्याच्या असामान्य व्यक्तिमत्त्वावर उभा असलेला) आणि कायदेशीर-विवेकी (नियमांवर उभा असलेला) असे तीन आधार सांगितले. डेव्हिड ईस्टन यांनी १९६५ मध्ये केलेला भेद नागरिकांच्या दृष्टीने अधिक उपयोगी आहे. सरकारच्या विशिष्ट कामगिरीला दिलेला पाठिंबा वेगळा आणि संपूर्ण व्यवस्थेविषयी असलेला व्यापक पाठिंबा वेगळा. पहिला आटला तरी दुसरा टिकतो, आणि तो टिकतो म्हणूनच लोक नाराजी मतपेटीतून व्यक्त करतात. सरकारवरील टीकेला देशावरील टीका ठरवणारा युक्तिवाद हा भेद पुसून टाकतो. तो युक्तिवाद कोणत्याही पक्षाने केला तरी सदोषच असतो.

धुरीणत्व ही संकल्पना येथे कोठे बसते?

इटलीतील तुरुंगात १९२९ ते १९३५ या काळात लिहिलेल्या टिपणवह्यांत अंतोनियो ग्राम्शी यांनी असे मांडले की वर्चस्व केवळ बळावर टिकत नाही, ते संमतीवरही टिकते. प्रबळ वर्गाची जगाकडे पाहण्याची दृष्टी शाळा, वृत्तपत्रे, धर्मसंस्था यांमार्फत सर्वांची सामान्यबुद्धी बनते. सर्वेक्षणातून ‘लोकांना काय वाटते’ एवढेच कळते. लोकांना तसेच का वाटते आणि त्यात कोणाचा लाभ आहे, हा प्रश्न ग्राम्शी विचारायला लावतात. मात्र या संकल्पनेचा गैरवापरही होतो : आपल्याशी सहमत नसलेला प्रत्येक माणूस फसवला गेला आहे, असे म्हणणे सोपे असते आणि ते खोडून काढण्याची सोय समोरच्याला राहत नाही.

लोक राजकारणाविषयी खरे बोलतात का?

नेहमी नाही, आणि त्याला केवळ भीती हेच कारण नसते. सॉलोमन ॲश यांच्या १९५० च्या दशकातील प्रयोगांत रेषांची लांबी ओळखण्याचे अगदी सोपे काम होते. पण खोलीतील इतर सर्वजण ठरवून चुकीचे उत्तर देत असताना सुमारे तीन-चतुर्थांश सहभागींनी निदान एकदा तरी त्यांची री ओढली. त्याच प्रयोगांतील दुसरा भाग कमी सांगितला जातो : खोलीत एक जरी माणूस बरोबर उत्तर देणारा असला, की हे प्रमाण झपाट्याने खाली येत असे.

एलिझाबेथ नोएल-नॉयमान यांनी १९७४ मध्ये मौनाचे आवर्त ही कल्पना मांडली. आपले मत अल्पमतात आहे असे वाटणारे गप्प बसतात, त्यामुळे ते मत आणखी दुर्मीळ भासते आणि आणखी लोक गप्प होतात. १९८९ मध्ये पूर्व युरोपातील राजवटी इतक्या अनपेक्षितपणे का कोसळल्या, याचे स्पष्टीकरण तिमूर कुरान यांनी याच अंगाने दिले : खासगीतील मत आणि चारचौघांतील मत यांत मोठी दरी पडली होती, आणि काही लोक उघडपणे बोलू लागताच इतरांना कळले की आपण एकटे नाही. म्हणून शांतता पाहून संमती गृहीत धरू नये.

राजकीय बातमी किंवा विधान वाचताना काय पाहावे?

प्रथम कर्ता कोण ते पाहावे. ‘जमावावर लाठीमार करण्यात आला’ या वाक्यात लाठीमार करणारा नाही. ‘निर्णय घेण्यात आला’ यात निर्णय घेणारा नाही. अशा वाक्यांतील रिकामी जागा भरून पाहिली की जबाबदारी कोणाची हे समोर येते. त्यानंतर आकडा असेल तर तो कशाच्या तुलनेत आहे, कोणत्या वर्षापासून मोजला आहे आणि वेगळे वर्ष आरंभाला धरले असते तर चित्र बदलले असते का, हे विचारावे. ‘जनतेला हवे आहे’ असे म्हटले असेल तर ती जनता कोणी आणि कशी मोजली हे पाहावे. आणि बातमी वाचताच आपल्याला संताप किंवा आनंद झाला असेल, तर ती पुढे पाठवण्यापूर्वी थोडे थांबावे, कारण नेमक्या त्याच क्षणी आपली तपासणी सर्वांत ढिली असते.

प्रत्येक गोष्ट स्वतः तपासणे शक्य नाही. मग तज्ज्ञांवर विश्वास ठेवावा की नाही?

ठेवावाच लागतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. विश्वास कोणत्या प्रक्रियेवर ठेवायचा हे मात्र आपल्याला ठरवता येते. ज्या क्षेत्रात चूक दाखवणाऱ्याला प्रतिष्ठा मिळते, निष्कर्षांसोबत पद्धतीही उघड केली जाते आणि मतभेद लपवले जात नाहीत, तेथील सामूहिक मताला वजन द्यावे. त्या क्षेत्राबाहेर तोच तज्ज्ञ बोलू लागला, तर त्याचे मत इतर कोणत्याही सुजाण नागरिकाच्या मताइतकेच समजावे. ‘कोणावरच विश्वास ठेवू नका’ हा सल्ला धाडसी वाटतो, पण ज्याने साऱ्या संस्थांवरचा विश्वास सोडला आहे तो बहुधा अखेरीस सर्वांत मोठ्या आवाजात बोलणाऱ्यावर विश्वास ठेवू लागतो.

गटात किंवा वर्गात याचा सराव कसा करावा?

सर्वांत उपयुक्त सराव मला असा वाटतो : ज्या प्रश्नावर गटात तीव्र मतभेद आहेत तो घ्यावा आणि प्रत्येकाला विरुद्ध बाजूची भूमिका इतक्या प्रामाणिकपणे मांडायला सांगावी की त्या बाजूच्या माणसाने ‘होय, माझे म्हणणे हेच आहे’ असे म्हणावे. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ मध्ये हाच आग्रह धरला होता. ज्याला केवळ आपली बाजू माहीत आहे त्याला तीही पुरती माहीत नसते, असे त्यांचे मत होते. या सरावात घाई करू नये, आणि मांडणी मान्य होईपर्यंत प्रतिवादाला परवानगी देऊ नये. चर्चा चालवणाऱ्याने आपले मत शेवटपर्यंत राखून ठेवावे, कारण अधिकाराच्या जागेवरील व्यक्तीचा कल कळताच गट तिकडे झुकतो. सहमती होणे आवश्यक नाही. शेवटी प्रत्येकाने एवढेच लिहून द्यावे की कोणती माहिती मिळाली तर आपण आपले मत बदलू, आणि ती माहिती कोठे शोधता येईल.